नारायणरावांचा ध्यास

वारकरी सज्जनहो, संतचरित्रांच्या या पानांवर आज आम्ही एका नटाचे चरित्र सांगावयास बसलो आहोत. काही वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतील, हे आम्ही जाणून आहोत. माळकऱ्याच्या घरी नाटकवाल्याची गोष्ट कशाला, असे त्यांना वाटेल. परंतु ज्याने मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची हाक आपल्या गळ्यातून गावोगाव पोहोचविली, ज्याने पैठणच्या नाथमहाराजांचा वेष अंगावर घेतला, आणि जो तिकीट काढून आलेल्या लोकांनाही मायबाप म्हणून हात जोडीत असे, त्याचे एक पान आमच्या पंगतीत मांडले तर पांडुरंग रागावेल असे आम्हांस वाटत नाही. हे चरित्र श्रीपाद राजहंसांचे चिरंजीव नारायणराव, म्हणजेच बालगंधर्व, यांचे.

चरित्राला हात घालण्यापूर्वी नाटक आणि कीर्तन यांचे नाते थोडे सांगतो, कारण ते माहीत नसल्यामुळे पुष्कळ गैरसमज होतात. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नाट्याला पाचवा वेद म्हटले आहे. ब्रह्मदेवाने ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेऊन तो सिद्ध केला, अशी तेथे कथा आहे. त्याच ग्रंथाच्या शेवटी दुसरीही कथा आहे, ती मात्र लोक सांगत नाहीत. भरताच्या मुलांनी ऋषींची टवाळी केली, म्हणून ऋषींनी त्यांना शाप दिला आणि नटांचा समाजातला मान गेला. म्हणजे नाट्य वेदाच्या पंक्तीला आणि नट मात्र उंबऱ्याबाहेर, हा प्रकार आपल्याकडे फार जुना आहे. आता आपल्या घरचे पाहा. नाथांची भारुडे म्हणजे काय? वासुदेव येतो, जोशी येतो, गोंधळी येतो, आणि प्रत्येकाचा वेष घेऊन परमार्थ बोलतो. हे नाटकच की हो! पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात संगीत शाकुंतल उभे केले, तेव्हा त्यातील साक्या आणि दिंड्या आमच्या कीर्तनकारांच्याच ठेवणीतल्या होत्या. तेव्हा नाटकवाल्यांनी आमच्याकडून उसनवार केली आहे, आणि ती त्यांनी व्याजासह कशी फेडली ते पुढे येईलच.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. राजहंसांचे गाव कृष्णाकाठचे नागठाणे, सांगलीच्या बाजूचे. आईचे नाव अन्नपूर्णाबाई. घर मध्यम स्थितीचे. पोराचा गळा लहानपणापासून गोड. काही काळ तो जळगावास राहिला आणि तेथे मेहबूबखाँ नावाच्या गवयाकडे त्याचे पहिले शिक्षण झाले. दहा-अकरा वर्षांचा असताना पुण्यास लोकमान्य टिळकांसमोर गाण्याचा योग आला आणि लोकमान्यांनी कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटले, अशी हकीकत सर्वत्र सांगतात. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडचे नाव, ते जन्मभर चिकटले. पुढे साठी-सत्तरी ओलांडली तरी नावातले बाल काही सुटले नाही.

पण ध्यानात घ्या, या वयात नारायणाला नाटकाचा ध्यास वगैरे काही नव्हता. गाणे होते. गाणाऱ्या मुलाला तेव्हा मैफलीचा गवई होणे हा एक मार्ग होता. नाटकमंडळीत जाणे म्हणजे मुलगा वाया गेला, असे ब्राह्मणांच्या घरात सरळ धरीत. त्यातून स्त्रीपार्टी होणे, म्हणजे लुगडे नेसून तोंडाला रंग लावणे, हे तर नातलगांत सांगायचीही चोरी. त्या वेळी रंगभूमीवर कुलीन स्त्रिया येत नसत. सुभद्रा, शकुंतला, शारदा ही सारी कामे पुरुषच करीत. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर हे या कामातले अत्यंत लोकप्रिय नट. ते १९०१ साली निवर्तले आणि मंडळीला गळ्याची तूट पडली. इकडे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे लक्ष नारायणाकडे गेले होते. मुलाच्या कानाचे दुखणे होते, त्यावर महाराजांनी मिरजेस उपचार करविले. आणि त्याच मिरजेत १९०५ साली किर्लोस्कर मंडळीच्या शाकुंतलात हा सतरा वर्षांचा मुलगा शकुंतला होऊन उभा राहिला.

आमच्या मते ध्यासाचा जन्म येथे झाला. गळा देवाने दिला होता, नाव टिळकांनी दिले होते. परंतु दुसऱ्याच्या सुखदुःखात शिरून गाणे, ही गोष्ट त्या मुलाला येथे प्रथम सापडली. आम्ही पाठशाळेत शाकुंतलाचा चौथा अंक घोकला आहे. कण्वमुनी मुलीला सासरी पाठवितात, झाडेवेलीसुद्धा उदास होतात. तो अंक पाठ करणे निराळे आणि ती मुलगी होऊन बापाच्या गळ्यात पडणे निराळे. नुसते गाताना गवई रागाच्या मागे जातो. शकुंतला गाताना राग तिच्या मागे चालावा लागतो. ज्याला ही गोडी कळली त्याला मैफलीची बैठक अपुरी वाटणारच. गोविंद बल्लाळ देवल हे तेव्हा मंडळीत तालीम देत. शारदा नाटकाचे कर्ते ते हेच. शब्द कसा टाकावा, कोठे थांबावे, डोळे कोठे न्यावेत, याचा पाठ नारायणाने त्यांच्यापाशी घेतला. पुढे गायनात भास्करबुवा बखले यांच्यासारखा थोर गुरू मिळाला. गुरूच्या बाबतीत नारायणराव खरोखर भाग्याचे.

यानंतरच्या पाच-सहा वर्षांत शकुंतला, सुभद्रा, शारदा करता करता त्यांचे नाव घरोघर झाले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर म्हणजे केसरीतले टिळकांचे सहकारी. त्यांनी मानापमान हे नाटक लिहिले आणि त्याला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत त्याचा पहिला प्रयोग ठरला. आणि त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी वारली.

लोक प्रयोग थांबवावयास तयार होते. नारायणरावांनी थांबू दिला नाही. रंग लावला, भामिनीचे काम केले, आणि नाटक विलक्षण रंगले. ही गोष्ट आजवर शेकडो वेळा सांगितली गेली आहे आणि प्रत्येक सांगणारा कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून सांगतो. आम्हीही एकदोनदा कीर्तनाच्या उत्तररंगात सांगितली आहे. पण सज्जनहो, आम्हांस ही गोष्ट सांगताना गोरोबाकाकांची आठवण होते आणि मग ती इतकी सोपी राहत नाही. गोरोबा नामात रंगून चिखल तुडवीत होते, पायाखाली मूल आले ते त्यांना कळले नाही. नारायणरावांना सारे कळत होते. गोरोबांच्या कथेत पांडुरंग धावून आला आणि मूल परत मिळाले. येथे पडदा पडला, टाळ्या थांबल्या, आणि मूल काही परत आले नाही. त्या मुलीच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, ती रात्र कशी काढली असेल? ध्यासाची स्तुती करणाऱ्याने हा प्रश्न गिळून टाकू नये. नारायणराव दगडाच्या काळजाचे होते असे मात्र कोणी म्हणू नये. फार मऊ माणूस होता तो. फक्त हजार लोक समोर येऊन बसले आहेत, त्यांना रिकामे परत पाठवावयाचे नाही, एवढी एकच गोष्ट त्यांना त्या दिवशी धरता आली. चूक की बरोबर, याचा निकाल आम्ही देत नाही.

१९१३ साली नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला. १९१६ साली देवलांचे संशयकल्लोळ आणि खाडिलकरांचे स्वयंवर ही नाटके आली. स्वयंवराची गोष्ट वारकऱ्यांस सांगावयास नको. भागवताच्या दशमस्कंधातली रुक्मिणी, तीच आपली रखुमाई. नाथमहाराजांनी काशीत बसून रुक्मिणीस्वयंवर लिहिले आणि आजही लग्न जमावे म्हणून आमच्या लेकी त्याचे पारायण करतात. ती भीमकाची कन्या नारायणरावांनी रंगभूमीवर आणली. चाली भास्करबुवांच्या. नाटक रात्री सुरू व्हावे आणि एकेका पदाला दोनदोन, तीनतीन वेळा वन्समोअर पडून पहाट व्हावी. आमच्या लहानपणी घरी येणारे एक वृद्ध टाळकरी सांगत की स्वयंवर पाहून निघाल्यावर थेट काकडआरतीला जाता येई. त्यांच्या बोलण्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नसावी.

लगेच १९१९ साली त्याच्या अगदी उलटे काम आले. राम गणेश गडकरी यांनी एकच प्याला लिहिले आणि नाटक रंगभूमीवर यावयाच्या आधीच, २३ जानेवारीस, ते गेले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली. २० फेब्रुवारीस बडोद्यास पहिला प्रयोग झाला. दारूपायी नवऱ्याने संसाराची धूळधाण केली आहे, अशा सिंधूचे ते काम. कालपर्यंत जरीच्या शालूत मिरविणारी रुक्मिणी आज ठिगळ लावलेल्या लुगड्यात जात्यावर बसली. ज्या बायका नारायणरावांची केशरचना, नथ घालण्याची आणि पदर घेण्याची तऱ्हा पाहून तशी आपल्या घरी करीत, त्याच बायका या नाटकात पदर डोळ्याला लावून बसत. दारूबंदीवर आम्ही कीर्तनकारांनी जन्मभर जेवढे बोलून घसा कोरडा केला, तेवढे काम या एका सिंधूने केले असेल, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

वैभवाचे वर्णन करावयाचे तर पाने पुरणार नाहीत. खरे जरीचे शालू, उंची अत्तरे, साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा. मंडळीच्या पंगती तर अशा उठत की सणावाराला यजमानाच्या घरी उठाव्या. खोटे काही चालावयाचे नाही, हा नारायणरावांचा हट्ट. प्रेक्षक हा देव, आणि देवाला खोटा नैवेद्य कसा दाखवावयाचा? भाव उत्तम. पण देवाच्या नैवेद्यालाही उधारी होतेच, आणि वाणी तर भावावर हिशेब मिटवीत नाही. १९२० सालच्या द्रौपदी नाटकाची मांडामांड इतकी थाटाची झाली की मंडळी कर्जात बुडाली. टेंबे आधीच निघून गेले होते, बोडसही बाजूला झाले, आणि कर्जाचा सारा डोंगर एकट्या नारायणरावांच्या माथ्यावर आला.

अशा दिवसांतच, ८ जुलै १९२१ रोजी, मुंबईत संयुक्त मानापमान झाला. लोकमान्य आदल्या वर्षीच गेले होते आणि टिळक स्वराज्य फंडाला पैसा हवा होता. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले म्हणजे नारायणरावांचे प्रतिस्पर्धी, तडाख्याचा गळा. त्यांनी धैर्यधर केला, नारायणरावांनी भामिनी. दोन मंडळ्यांचे चाहते एरवी एकमेकांवर धावून जात, ते त्या रात्री मांडीला मांडी लावून बसले. ज्याने लहानपणी नाव दिले त्याच्या नावाच्या निधीसाठी स्वतः कर्जात असलेला माणूस गायला. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, वारले. पुढल्या वर्षी भास्करबुवाही गेले.

कर्जाचे पुढे काय झाले? नादारी पुकारून मोकळे होण्याची वाट कायद्याने होती. नारायणराव त्या वाटेने गेले नाहीत. नाटके करीत राहिले, बाऱ्या लावीत राहिले आणि देणे फेडीत राहिले. वर्षामागून वर्षे तेच. हिशेबाचे भान त्यांना कधीच आले नाही. एक ऋण फिटते न फिटते तोच दुसरे होई. या बाबतीत त्यांची बाजू घेणे आम्हांस जमत नाही. संसारी माणसाने मिळकत पाहून खर्च करावा. पण घेतलेले बुडवावयाचे नाही ही त्यांची खोड मात्र सावकारांनीही मानली.

आता आपल्या घरच्या नाटकाकडे येतो. १९३१ साली गंधर्व मंडळीने संत कान्होपात्रा रंगभूमीवर आणले. कर्ते नारायण विनायक कुलकर्णी, आणि चाली भास्करबुवांचे शिष्य मास्तर कृष्णराव यांच्या. मंगळवेढ्याच्या शामा गणिकेची ही मुलगी, रूपवान आणि गळ्याची गोड. आईच्या धंद्यात जावयाचे नाही म्हणून वारकऱ्यांच्या मागोमाग पंढरीस आली. बेदरच्या बादशहाची माणसे न्यावयास आली तेव्हा विठोबाला मिठी मारून तिने प्राण सोडला. मंदिराच्या आवारात तिच्या नावाचा तरटीचा वृक्ष दाखवितात, त्याला आपण सारे नमस्कार करतो.

हे काम नारायणरावांकडे आले तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. शरीर सुटले होते. कोवळ्या मुलीचे काम आणि असे वय! पण पाहणारे लिहून गेले आहेत की पहिला अभंग सुरू झाला की वय दिसेनासे होई. नाटकात प्रत्यक्ष संतांचे अभंग घातले होते. कान्होपात्रेचा धावा होता, चोखोबांचा जोहार होता. विठोबाचा दरवाजा ज्यांना बंद होता अशा चोखोबांचे शब्द, पुरुषाने स्त्रीचा वेष घेऊन, गणिकेच्या मुलीच्या तोंडून, नाट्यगृहात गावेत, आणि समोर सोवळ्यातले लोक मान डोलवीत बसावेत! हे १९३१ साल आहे हे विसरू नका. साने गुरुजींचे पंढरपुरातले मंदिरप्रवेशाचे उपोषण व्हावयास अजून सोळा वर्षे होती.

नारायणरावांना रंगभूमीवर आम्ही पाहिलेले नाही. आम्ही पाळण्यात होतो तेव्हा ते थकले होते. आमची त्यांची ओळख ध्वनिमुद्रिकांची आणि आकाशवाणीवरची. त्या तबकड्या आम्ही कीर्तनकाराच्या कानाने ऐकल्या आणि एक गोष्ट आमच्या ध्यानी आली, ती तरुण कीर्तनकारांसाठी मुद्दाम सांगतो. अभंग गाताना नारायणराव तान घेतात, पण अक्षर मोडीत नाहीत. शब्द जेथे पुरा होतो तेथेच श्वास घेतात. मुरकी येते ती शब्दाच्या अर्थावर येते. देवाच्या नावावर ती रेंगाळते आणि तक्रारीच्या शब्दावरून झर्रकन निघून जाते. लय भजनाचीच, उगाच धावाधाव नाही. त्यामुळे मागच्या ओळीत बसलेल्या अडाणी माणसालाही अभंग कळे. गाण्यासाठी अभंग आहे की अभंगासाठी गाणे आहे, हे त्यांच्या गळ्याला पक्के ठाऊक होते. आणि ही विद्या देवलांच्या तालमीत, नाटकातच, मिळालेली. हेच ते आम्ही मघाशी म्हटले ते व्याज.

त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाट्यपदांच्या चाली लोकप्रिय झाल्या तशा आमच्या कित्येक कीर्तनकारांनी त्या उचलल्या आणि तुकोबांच्या अभंगाला चढविल्या. चाल ओळखीची म्हणून श्रोते खूश, पण त्यांच्या डोळ्यांपुढे तुकोबा न येता भामिनी येते. एका गावी सप्ताहात एका बुवांनी असे केले, तेव्हा पुढे बसलेल्या एका म्हातारबाबांनी मोठ्याने वन्समोअर म्हटले. सारा मंडप हसला. बुवांचे नाव सांगत नाही; ते आता वैकुंठवासी आहेत आणि माणूस गोड होता. नारायणरावांचे घ्यावयाचे ते अक्षराचे प्रेम घ्यावे. चाल त्यांची त्यांना राहू द्यावी.

कान्होपात्रेनंतर काळ फिरला. बोलपट आले. एका रात्री एका गावी एक नाटक, त्या जागी एकाच दिवशी पन्नास गावी तेच चित्र स्वस्तात दिसू लागले. नाटकमंडळ्या धडाधड बंद पडल्या, गंधर्व मंडळीचाही खांब खचला. तेव्हा पुण्याच्या प्रभात कंपनीने नारायणरावांना बोलावले. व्ही. शांताराम यांनी १९३५ साली धर्मात्मा काढला आणि त्यात नारायणराव एकनाथ महाराज झाले. चित्राचे मूळ नाव महात्मा असे होते. गांधीजींची आठवण देणारे नाव सरकारला खपले नाही, म्हणून ते बदलावे लागले. आयुष्यभर स्त्रियांची कामे केलेला हा पुरुष पडद्यावर नाथांच्या शांत रूपात दिसला. अस्पृश्यांना जेवू घालणारे, शिवाशिव न पाळणारे नाथ.

चित्र चांगले झाले. पैसा होता, मान होता, देणी फिटली असती. करार पुढच्या चित्रांचाही होता. आणि नारायणराव प्रभातच्या एका चित्रावर थांबले! व्यवहारी माणसाने डोक्याला हात लावावा अशी ही गोष्ट. पण विचार करा. कॅमेऱ्यापुढे गाणे तुकड्यातुकड्यांनी घेतात. समोर मायबाप नाहीत, दिवे आणि यंत्रे आहेत. वन्समोअर म्हणणारा कोणी नाही. पुन्हा गावयाचे ते यंत्र चुकले म्हणून. ज्याला शकुंतलेच्या वेळी सापडलेली गोडी माणसांच्या तोंडावर वाचण्याची सवय, तो तेथे कसा रमणार? आमच्यातल्या एखाद्या बुवाला बंद खोलीत भिंतीपुढे कीर्तन करावयास सांगून पाहा, म्हणजे कळेल. मिरजेस जो ध्यास लागला तो गाण्याचाही नव्हता आणि पैशाचाही नव्हता, तो नाटकाचा होता, याचा पुरावा आम्हांस येथे मिळतो. नारायणराव पुन्हा रंगभूमीकडे, म्हणजे पुन्हा दारिद्र्याकडे, वळले.

यानंतरची कथा कित्येक चरित्रकार आवाज खाली करून सांगतात. गोहरबाई कर्नाटकी या गायिका मंडळीत आल्या. नारायणरावांच्या गाण्याचा त्यांना वेडा नाद. त्यांची गायकी त्यांनी गळ्यात उतरविली होती. त्या मंडळीत नायिकेची कामे करू लागल्या. घर दुभंगले, भाऊ आणि जुने सोबती दुरावले. १९४० साली लक्ष्मीबाई गेल्या. पुढे नारायणरावांनी गोहरबाईंशी लग्न केले. समाजाने फार टाकून बोलून घेतले, त्यात धर्माचाही भाग होता. लक्ष्मीबाईंचे दुःख खरे होते आणि त्याचा दोष नारायणरावांच्या माथी आहे, हे आम्ही स्पष्ट म्हणतो. पण धर्म काढून जे बोलले त्यांना श्रीगोंद्याच्या शेख महंमदबाबांचा विसर पडला असावा. आणि नारायणाला पहिला सूर मेहबूबखाँनी दिला, जन्मभर साथ कादरबक्षांनी केली, त्याच्या घरी कोण कोणत्या धर्माचा हे विचारण्यात काय अर्थ?

म्हातारपण कठीण गेले. पाय गेले, चालणे थांबले. ज्या पावलांच्या हालचालीवरून बायका चालणे शिकत, ती पावले आता दुसऱ्याच्या आधाराशिवाय पडेनात. उभे राहता येईना म्हणून नाटक सुटले, तेव्हा नारायणराव बसून भजने गाऊ लागले. पूर्वीचा दरबारी थाट गेला, पण समोर चार माणसे आली की हात आपोआप जोडले जात आणि लहानथोर सर्वांना ते देवा म्हणूनच हाक मारीत. या काळात गोहरबाईंनी त्यांची जी सेवा केली ती त्यांना नावे ठेवणाऱ्यांनीही पाहिली. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा मान मिळाला. १९६४ साली पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी गोहरबाई गेल्या.

त्याआधी, ८ ऑक्टोबर १९६२ रोजी, पुण्यात मुठेच्या काठी एका नव्या नाट्यगृहाचे भूमिपूजन त्यांच्याच हातून झाले होते. नाव त्यांचेच द्यावयाचे ठरले. स्वतःचे घर ज्याला कधी नीट सांभाळता आले नाही, त्याच्या नावाने नाटकाचे घर उभे राहू लागले. ते पुरे झालेले पाहणे मात्र नशिबी नव्हते. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यातच नारायणरावांनी देह ठेवला. आषाढाचा शुद्ध पक्ष होता, एकादशी अवघ्या काही दिवसांवर आली होती, आणि माउलींची व तुकोबांची पालखी पुणे मागे टाकून पंढरीच्या जवळ पोहोचली होती. पुढल्या वर्षी २६ जूनला, त्यांच्या ऐंशीव्या जन्मदिनी, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते बालगंधर्व रंगमंदिर उघडले. तेथे लावण्यासाठी चित्रकार गोपाळराव देऊस्करांनी त्यांची दोन मोठी चित्रे काढली, एक स्त्रीवेषातले आणि दुसरे साध्या पुरुषवेषातले.